आईची नस मुलाला चालेल का?

पत्र

नमस्कार डॉक्टर,
आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगा 24 वर्षांचा आहे, अंबडच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर काम करतो. संक्रांतीच्या दिवशी कामावरून घरी येताना मोटारसायकलवर नायलॉन मांजा आडवा आला आणि डाव्या कानाच्या पुढून गालापर्यंत चिरत गेला. जवळच्या दवाखान्यात टाके घातले. जखम चांगली भरली. पण तोंड उजवीकडे ओढलं जातं, डावा डोळा पूर्ण मिटत नाही, घास गालात अडकतो, पाणी पिताना ओघळतं. तेव्हा म्हणाले होते, सूज आहे, उतरली की सगळं जागेवर येईल. आता पाच महिने झाले. मालीश झाली, करंटचे शेक झाले, एकाने कबुतराचं रक्त लावायला सांगितलं तेही करून झालं. गेल्या आठवड्यात प्लास्टिक सर्जनला दाखवलं. ते म्हणाले, नस कापली गेली आहे, मधे दुसऱ्या नसेचा तुकडा बसवावा लागेल आणि तो पायातून घ्यावा लागेल. माझं पोर दिवसभर उभं राहून काम करतं. तोंडासाठी पाय अधू करायचा का? माझं वय 49, शुगर-बीपी काही नाही, रक्तगटही त्याचाच आहे. माझी नस काढून त्याला बसवली तर चालेल का? दीर म्हणतात, त्यांच्या मेव्हण्याचंही तोंड असंच वाकडं झालं होतं, आपोआप बरं झालं, वर्षभर थांबा. मुलासाठी स्थळं बघतोय, लोक फोटो मागतात. वणीच्या देवीला नवस बोलले आहे. काय करावं सुचत नाही.
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर

ताई, आधी थेट उत्तर देतो, बाकीचं मग सवडीने वाचा. तुमची नस नको. त्याच्या पायातलीच घेऊ द्या, त्याने पाय अधू होत नाही. आणि वर्षभर तर मुळीच थांबू नका. पाच महिने गेले आहेत. अजून वेळ हातात आहे, पण भरपूर नाही.

आता नसेच्याही आधी डोळ्याचं बोलू, कारण नसेचं ऑपरेशन दोन आठवडे इकडेतिकडे झालं तरी चालेल, डोळ्याला तेवढी सवलत नाही. पापणी पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं, त्यावर ओरखडे येतात, जंतू बसतात आणि एकदा पांढरा डाग पडला की नजर कायमची जाऊ शकते. तुमच्या पत्रात डोळ्याच्या औषधाचा उल्लेख नाही, त्यामुळे मला खरी काळजी तिथेच वाटते. उद्याच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री झोपताना डोळ्यात घालायचं मलम ते लिहून देतील. मलम घातल्यावर पापणी बोटाने हलकेच खाली ओढून पूर्ण मिटवायची आणि मगच वरून कागदी चिकटपट्टी लावायची. अर्धवट उघड्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून पट्टी मारू नका, ती घडीच बुबुळाला घासते. अंबडच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा बारीक कीस उडतो, तिथे बाजूंनी बंद असणारा गॉगल हवा. गाडीवरही हवा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धुरकट दिसू लागलं तर त्याच दिवशी दाखवायचं, रविवार असला तरी.

आता दिरांचा मुद्दा. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मेव्हण्याला जे झालं, ज्याला आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात, तो बहुतेक बेल्स पाल्सीचा आजार असावा. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश डॉक्टरांनी 1821 मध्ये चेहऱ्याच्या नसेवर लिहिलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. त्यात कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात नस सुजते आणि दाबली जाते. पण ती अखंड असते. सूज उतरली की बहुतेकांचं तोंड पुन्हा जागेवर येतं. काहीही औषध न घेता दहातले सात जण पूर्ण बरे होतात आणि सुरुवातीलाच स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या तर त्याहून जास्त. म्हणून कबुतराच्या रक्ताला, झाडपाल्याला आणि अंगाऱ्याला गावोगावी इतकं यश येतं. जे आपसूक बरं होणार असतं, त्याचं श्रेय शेवटी ज्याने हात लावला त्याला मिळतं.

तुमच्या मुलाची नस सुजलेली नाही, ती तुटली आहे. बाहेरून दोघांचं तोंड सारखंच वाकडं दिसत असेल, आत मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. कापलेल्या नसेची दोन टोकं मागे सरतात, मधे व्रण भरतो आणि मालीश किंवा करंटचे शेक देऊन ती एकमेकांना शोधत येत नाहीत. घरी एक साधी गोष्ट पाहा. त्याला दोन्ही भुवया वर उचलायला सांगा. डावी भुवई उचलली जात असेल तर कपाळाकडे जाणारी फांदी शाबूत आहे आणि डोळ्याकडे व ओठाकडे जाणाऱ्या फांद्याच कापल्या गेल्या असाव्यात. बेल्स पाल्सीत साधारणपणे कपाळासकट अख्खी बाजू लुळी पडते.

ही नस कानाच्या खालून बाहेर येते, गालगुंड होतं त्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे तिच्या पाच मुख्य फांद्या होतात: कपाळाकडे, डोळ्याकडे, गाल आणि वरच्या ओठाकडे, खालच्या ओठाकडे आणि मानेकडे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली एक रेघ ओढली आहे असं समजा. रेघेच्या नाकाकडच्या बाजूला जखम झाली तर तिथल्या फांद्या इतक्या बारीक आणि एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की बऱ्याचदा काही न करता काम भागतं. रेघेच्या कानाकडच्या बाजूला कापलं गेलं तर नस शोधून जोडावीच लागते. तुमच्या मुलाची जखम कानापुढून सुरू झाली आहे, म्हणजे ती या दुसऱ्या प्रकारातली.

लाळग्रंथीवरून आठवलं. जेवताना, विशेषतः लिंबू-लोणचं खाताना, त्याचा तो गाल फुगतो का? व्रणातून पाण्यासारखं काही पाझरतं का? असेल तर सर्जनना मुद्दाम सांगा. लाळेची नळी त्याच भागातून जाते आणि मांज्याला नस आणि नळी यांतला फरक कळत नाही.

पहिल्या दिवशी हे लक्षात यायला हवं होतं का? हवं होतं. गालावरची खोल जखम शिवण्याआधी, भुलीचं इंजेक्शन देण्याच्याही आधी, रुग्णाला डोळे घट्ट मिट, दात दाखव, भुवया उचल एवढं सांगायचं असतं. इंजेक्शननंतर विचारून उपयोग नाही, कारण भुलीनेही तोंड तेवढ्यापुरतं लुळं पडतं. संक्रांतीच्या दिवशी कॅज्युअल्टीत रक्ताने माखलेली माणसं एकामागून एक येत असतात हे खरं, पण या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. हे मी भांडण करण्यासाठी लिहीत नाही. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतात, शहरातही गच्चीगच्चीवर चालतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर बंदी घातली तरी दर जानेवारीत तो गळे आणि गाल कापतोच आहे. तेव्हा इतर वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: गाल कापला आणि तोंड वाकडं झालं तर पहिल्या तीन दिवसांत सूक्ष्मशस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनकडे पोहोचा. तोवर कापलेल्या नसेचं पुढचं टोक विजेच्या बारीक स्पर्शाला प्रतिसाद देतं, स्नायू फडफडतो आणि टोक चटकन सापडतं. नंतर तेच टोक व्रणातून, भिंगाखाली, तास-तास शोधावं लागतं. शिवाय ताज्या जखमेत दोन टोकं बऱ्याचदा थेट जोडता येतात, तुकड्याची गरजच पडत नाही.

तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. टोकं आक्रसली आहेत, व्रण काढला की मधे अंतर पडणार. ते ओढून-ताणून जोडू नये, हे ऑस्ट्रियाचे सर्जन हान्नो मिलेसी यांनी 1960-70च्या दशकांत दाखवून दिलं: ताणाखाली जोडलेली नस नीट वाढत नाही, त्यापेक्षा मधे दुसऱ्या नसेचा सैल तुकडा घातलेला बरा. तुमचे सर्जन तेच सांगत आहेत.

मग तो तुकडा तुमचा का नको? ताई, तुमची तयारी मला समजते. आपल्या डोळ्यांसमोर मूत्रपिंड देणाऱ्या आया असतात. पण ही नस म्हणजे रक्ताची शीर नाही, त्यामुळे रक्तगट जुळून प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याच्या शरीरातली जिवंत नस, आईची असली तरी, मुलाचं शरीर परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. ते थांबवायचं तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. असं कधी कुणी केलंच नाही असं नाही. 1988 मध्ये कॅनडात टोरांटोला डॉ. सुझान मॅकिनन यांनी मृत दात्याच्या नसा एका मुलाच्या पायात बसवल्या होत्या. तिथे नुकसान इतकं लांबवर होतं की मुलाच्या स्वतःच्या नसा पुरल्या नसत्या. त्या प्रकारात एक सोय अशी असते की रुग्णाची स्वतःची नस त्या तुकड्यातून पलीकडे वाढत गेली की औषधं बंद करता येतात, मूत्रपिंडासारखी जन्मभर घ्यावी लागत नाहीत. पण तोवरचा काळ जंतुसंसर्गाच्या जोखमीचा असतो. गालातल्या काही सेंटिमीटर अंतरासाठी, पायात स्वतःची चांगली नस असताना, 24 वर्षांच्या मुलाला त्या वाटेने कुणीही नेणार नाही.

आणखी एक प्रकार इंटरनेटवर तुमच्या वाचनात येईल: मृत दात्याच्या नसा, पेशी धुऊन काढून फक्त सांगाडा उरवलेल्या. पेशीच नसल्याने शरीर त्यांना नाकारत नाही, औषधं लागत नाहीत, अमेरिकेत त्या बऱ्याच वापरल्या जातात. छोट्या अंतराला त्या ठीक आहेत. पण त्यांत नवे तंतू वाढवायला मदत करणाऱ्या जिवंत पेशी नसतात. स्वतःच्या नसेत त्या असतात. म्हणून हालचाल परत आणायची असते तिथे मी तरी स्वतःच्याच नसेला पहिली पसंती देतो.

आता तो पाय. पोटरीच्या मागून उतरून घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून पावलाकडे जाणारी एक नस आहे, सर्जन तिला सुरल नर्व्ह म्हणतात. ती एकही स्नायू हलवत नाही. तिचं काम एवढंच की पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या बाजूला, स्पर्श कळावा. ती काढली की चालणं, धावणं, तासन्तास उभं राहणं, जिना चढणं यातलं काहीही बदलत नाही. त्या कडेला बधिरपणा येतो. पुढच्या महिन्यांत आजूबाजूच्या नसा थोड्या सरकून ती जागा भरतात आणि बधिर पट्टा लहान होत जातो, पूर्ण जाईलच असं नाही. क्वचित कापलेल्या टोकाशी दुखरी गाठ होते, तसं झालं तर त्यावर उपाय आहेत. घोट्यामागे एक व्रण राहील, नाहीतर पोटरीवर दोन-तीन छोटे राहतील. शॉपमध्ये सेफ्टी शूज घालतो, ते बाहेरच्या कडेला घासत तर नाहीत ना, एवढं रोज बूट काढल्यावर पाहायचं. बधिर जागी फोड आला तर कळत नाही. याच्या बदल्यात जवळजवळ फूटभर लांब नस मिळते, तिचे दोन-तीन तुकडे करून डोळ्याच्या आणि ओठाच्या फांद्यांना वेगवेगळे जोडता येतात. अंतर अगदी थोडं निघालं तर सर्जन कानाखालून मानेतली एक बारीक नसही घेतील. तिच्याने कानाची पाळी बधिर होते. ती लांबीला कमी पडते इतकंच. कुठली घ्यायची ते आत उघडल्यावर ठरतं, त्यामुळे दोन्हींसाठी संमती घेतली तर गोंधळू नका.

बसवलेला तुकडा लगेच वीज वाहून नेत नाही, हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निराशा इथूनच सुरू होते. त्या तुकड्यातले जुने तंतू मरून जातात. उरतात त्या पोकळ वाटा आणि त्यांतल्या मदतनीस पेशी. आपल्याकडे द्राक्षाची कलमं लावली की वर तारांचा मांडव करतात, मांडवाला द्राक्षं लागत नाहीत, वेल त्याच्या आधाराने चढतो आणि मग लागतात. पायातून आणलेल्या नसेचं काम त्या मांडवाचं आहे. कानाकडच्या टोकातून नवे तंतू फुटतात आणि त्या वाटांमधून दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने ओठाकडे सरकतात. अंतर मोजा: कानापुढून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आठ-दहा सेंटिमीटर, शिवाय सुरुवातीचे काही आठवडे तंतूंना जोडणी ओलांडायला लागतात. म्हणजे चार ते सहा महिने आरशात काहीही दिसणार नाही. काहीही नाही. त्या काळात शेजारीपाजारी म्हणणार, ऑपरेशन फुकट गेलं.

दुसऱ्या बाजूला ज्या स्नायूंकडे हे तंतू निघाले आहेत, ते स्नायू वाट पाहत बसत नाहीत. नसेचा संदेश बंद झाला की ते बारीक होऊ लागतात आणि साधारण वर्ष ते दीड वर्षात त्यांच्या जागी चरबी आणि व्रण भरतो. मग नस कितीही सुंदर जोडली तरी तिला हलवायला काही उरत नाही. आता तुमच्या दिरांचं 'वर्षभर थांबा' यात घालून हिशोब करा. एक वर्षाने ऑपरेशन, पुढे सहा महिने तंतूंचा प्रवास. पोहोचतील तेव्हा घर रिकामं. लोक ऑपरेशनच्या आधी धीर धरतात आणि ऑपरेशननंतर घाई करतात. या आजारात नेमकं उलटं करायला हवं. पाचव्या-सहाव्या महिन्यात नस जोडली तर स्नायू जिवंत सापडण्याची शक्यता चांगली आहे.

ऑपरेशन लांबतं, चार-सहा तास सहज जातात, त्याने घाबरू नका. वेळ सगळा शोधण्यात जातो. सूक्ष्मदर्शकाखाली नसेच्या बाहेरच्या पातळ आवरणाला दोन-तीन टाके घालतात. तो धागा माणसाच्या केसाहूनही बारीक, हातात धरला तर दिसत नाही, फक्त चिमट्याच्या टोकाला काहीतरी लकाकतं. तो धागाही नायलॉनचाच असतो. ज्या नायलॉनने कापलं त्याच नायलॉनने शिवायचं, असा हा उद्योग आहे.

तंबाखू किंवा सिगारेट चालू असेल तर आत्ताच बंद. तुम्हाला माहीत नसेल, त्याच्या मित्रांना विचारा. नवीन तुकड्याला पहिले काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूच्या मांसातून तो झिरपून घेतो. तंबाखूने त्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ऑपरेशननंतर सर्जन सांगतील तितके दिवस मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. कडक भाकरी, ऊस, चिक्की नको, जबडा जोरात हलला तर जोडावर ताण येतो.

किती सुधारणा होईल? इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. चेहऱ्याच्या हालचालीला सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी लावतात, 1985 पासून ती जगभर वापरात आहे. पहिली पायरी म्हणजे अगदी पूर्वीसारखं, सहावी म्हणजे पूर्ण लुळं. अख्खी मुख्य नस कापली गेली आणि तुकडा घालून जोडली तर चांगल्यातला चांगला निकालही बहुतेकदा तिसऱ्या पायरीवर थांबतो. फक्त एक-दोन फांद्यांचा प्रश्न असेल तर त्याहून बरं होऊ शकतं. म्हणजे काय? शांत बसलेला असताना चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल, डोळा प्रयत्न केला की मिटेल, पाणी ओघळणार नाही, घास अडकणार नाही, हसला की डावा कोपरा उचलेल. पण खळखळून हसताना फरक जाणवेल. आणि तंतू वाट चुकतात. ओठासाठी निघालेले काही डोळ्याकडे जातात, मग हसताना डोळा बारीक होतो किंवा डोळा मिटताना ओठ उडतो. आरशासमोर बसून, हळू हळू, एकेक हालचाल वेगळी करायला शिकवणारी फिजिओथेरपी यावर खूप काम करते. उरलेलं बोटॉक्सच्या इंजेक्शनने आवरता येतं. सुधारणा दीड-दोन वर्षं चालू राहते.

सर्जन कदाचित सोबत आणखी एक गोष्ट सुचवतील: चावण्याच्या स्नायूला जाणारी एक नस गालात जवळच असते, तिची फांदी वळवून हसण्याच्या फांदीला जोडायची. तिथून तंतूंना थोडंच अंतर जायचं असतं म्हणून हालचाल लवकर दिसते, जोरही चांगला असतो. सुरुवातीला हसण्यासाठी दात आवळावे लागतात, सरावाने बऱ्याच जणांचं ते सहज होऊ लागतं. हे सुचवलं तर मी हो म्हणेन. आणि समजा सगळं करूनही स्नायू हललेच नाहीत, तर मांडीच्या आतल्या बाजूचा एक स्नायू रक्तवाहिन्या आणि नसेसकट गालात बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. जपानच्या हारी यांनी 1976 मध्ये ती प्रसिद्ध केली, आज ती नेहमीची झाली आहे. पण तो पुढचा मुक्काम, आज त्याची चर्चा घरात करू नका.

सर्जनना विचारायचं ते एवढंच: या आधी चेहऱ्याच्या नसेची जोडणी तुम्ही स्वतः केली आहे का, कुठल्या कुठल्या फांद्या जोडणार, आणि आत पुढचं टोक सापडलंच नाही तर काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असेल त्यांच्याकडे निर्धास्त जा. मुंबईलाच जायला हवं असं नाही. सूक्ष्मदर्शक आणि ते वापरणारा सरावलेला हात असेल तर नाशिकमध्येही हे होतं. फिजिओथेरपीला वर्षभर जायचं आहे, ते घराजवळ असलेलं बरं.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणारच. मुलाच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो का ते पगारपत्रकावर पाहा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू असतो. असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात आधी जा, तिथे ही शस्त्रक्रिया होत नसेल तर ते दुसरीकडे पाठवण्याचं पत्र देतात. ते पत्र न घेता परस्पर भरती झालात तर बिल मिळवताना जोडे झिजतील. शिवाय कामावर जाता-येता झालेला अपघात काही अटींवर कामावरचाच अपघात धरला जातो, तेव्हा कंपनीत अपघाताची नोंद झाली आहे का ते एचआरला विचारा आणि संक्रांतीच्या दिवसाचा केसपेपर जपून ठेवा. ईएसआय नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि या शस्त्रक्रियेचं नाव यादीत कशाखाली बसतं ते भरती होण्याआधीच विचारून घ्या.

ताई, एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. दीर काय म्हणतात ते आहे, नातेवाईक काय म्हणतात ते आहे, स्थळवाले काय मागतात ते आहे. मुलगा काय म्हणतो हे कुठेच नाही. चेहरा त्याचा आहे. संमतीपत्रावर सहीही त्याचीच लागणार. हे उत्तर त्याला वाचायला द्या आणि तुम्ही त्या वेळी खोलीत थांबू नका. या वयात हसू हरवलेली मुलं फोटो टाळतात, मास्क लावून फिरतात, डबा एकटी खातात, आणि घरचे म्हणतात की आमचा मुलगा शांत आहे हो. तसं काही दिसत असेल, झोप उडाली असेल, जगण्यात काही उरलं नाही असं बोलत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

लग्नाचं म्हणाल तर स्थळं थोडी थांबवा. तोंड वाकडं आहे म्हणून नाही, तर पुढचं वर्ष ऑपरेशन, फिजिओ आणि रजा यांत जाणार आहे म्हणून. एखादं स्थळ मनासारखं आलंच तर जुना फोटो पाठवू नका. आत्ताचा पाठवा आणि मांज्याचा अपघात झाला, उपचार चालू आहेत, असं सांगून टाका. मुलगा कमावता आहे, निर्व्यसनी असेल, हा आजार मुलांना जात नाही. ज्यांना एवढं ऐकून मागे फिरायचं असेल ते आधीच फिरलेले बरे.

नवस जरूर फेडा. फक्त ऑपरेशनची तारीख आधी घ्या, नवसाची नंतर, आणि पायाचे टाके निघून जखम पक्की होईपर्यंत त्याला गडाच्या पायऱ्या चढायला लावू नका. फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिने वर न्या. सर्जनकडे जाताना ईएमजी आणि एनसीव्ही या स्नायू-नसांच्या विजेच्या तपासण्या झाल्या असतील तर त्यांचे मूळ कागद, पहिल्या दिवसाचा केसपेपर आणि अपघाताच्या आधीचा हसतानाचा एखादा फोटो बरोबर ठेवा. त्याचं हसू मुळात कसं होतं, ओठाचा कोपरा सरळ वर जायचा की बाजूला, हे त्यावरून सर्जनना कळतं आणि कुठली फांदी आधी जोडायची ते ठरवायला त्याचा उपयोग होतो.